'एन्शंट मरिनर'ची बोधकथा करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात कुठे पूर आला आणि नळ मात्र कोरडे राहिले, की मथळ्यांत एक इंग्रजी ओळ हटकून येते : चोहीकडे पाणीच पाणी, पण प्यायला थेंब नाही. सॅम्युअल टेलर कोलरिज (1772–1834) यांच्या 'द राइम ऑफ द एन्शंट मरिनर' या कथाकाव्यातली ही ओळ. ओळ सर्वांच्या ओठांवर असते, काव्य मात्र फार थोड्यांनी सलग वाचलेले असते. ज्यांना ते अभ्यासक्रमात लागते त्यांच्या हाती बाजारातली मार्गदर्शिका पडते आणि तिच्यात सव्वासहाशे ओळी चार पायऱ्यांत बसवलेल्या असतात. खलाशाने निष्पाप पक्षी मारला, देवाने शिक्षा केली, त्याने पश्चात्ताप केला, त्याची सुटका झाली. तात्पर्य, प्राणिमात्रांवर प्रेम करा. यातली शेवटची पायरी काव्यात नाहीच आणि आधीच्या तिन्ही तिथे अशा सरळ येत नाहीत. ते कसे, हे काव्यातल्याच तपशिलांवरून दाखवण्यासाठी हे पत्र.

आधी कथेचा सांगाडा. एका लग्नघराकडे तिघे पाहुणे निघाले आहेत. एक म्हातारा खलाशी त्यांतल्या एकाला अडवतो. पाहुणा नवरदेवाचा जवळचा नातलग आहे, आत वाजंत्री सुरू झाली आहे, पण म्हाताऱ्याच्या डोळ्यांतल्या चमकेने तो दगडावर खिळून बसतो. खलाशी सांगतो : जहाज दक्षिणेला गेले, वादळाने बर्फात ओढले गेले. तिथे धुक्यातून अल्बट्रॉस नावाचा मोठा समुद्रपक्षी आला, बर्फ फाटले, वाट मोकळी झाली. खलाशाने आडव्या धनुष्याने त्या पक्ष्याला मारले. मग जहाज विषुववृत्तावर निपचित अडकले, तहानेने जिभा वाळल्या, एक भुताचे जहाज आले, दोनशे खलाशी मेले आणि हा एकटा उरला. समुद्रातल्या सापांना त्याने नकळत आशीर्वाद दिला तेव्हा पाऊस पडला, मेलेल्यांनी उठून जहाज हाकले, घरचे बंदर दिसले, तिथेच जहाज बुडाले. तेव्हापासून तो देशोदेशी फिरतो आणि ही कथा सांगतो.

हे काव्य समजून घ्यायचे तर नकाशा समोर ठेवावा. कोलरिज अक्षांश देत नाहीत, सूर्य देतात. पहिल्या भागात सूर्य डावीकडून उगवतो आणि उजवीकडे समुद्रात मावळतो. डावीकडे पूर्व, म्हणजे जहाजाचे तोंड दक्षिणेला. रोज तो अधिकाधिक वर चढतो आणि एके दुपारी नेमका डोलकाठीच्या माथ्यावर येतो. म्हणजे जहाज उष्ण कटिबंधात, विषुववृत्ताशी पोचले. दुसऱ्या भागाची पहिलीच ओळ सांगते की सूर्य आता उजवीकडून उगवला. जहाज वळून उत्तरेला निघाले आहे. मधल्या ओळींत केप हॉर्नचे नावही नाही, पण दक्षिण अमेरिकेचे ते टोक ओलांडून आपण अटलांटिकमधून पॅसिफिकमध्ये आलो आहोत. दक्षिणेचा वारा पाठीमागून वाहतो आहे हेही त्याच दिशेशी जुळते. थोड्याच कडव्यांनंतर तांब्यासारख्या तापलेल्या आकाशात रक्ताळ सूर्य पुन्हा डोलकाठीवर येतो : विषुववृत्त दुसऱ्यांदा, आता पॅसिफिकमध्ये. विद्यार्थ्यांची गफलत इथेच होते. डोलकाठीवरचा सूर्य दोनदा येतो हे लक्षात न आल्यामुळे ते एकाच जागी घुटमळतात आणि मग बर्फ आणि उकाडा एकापाठोपाठ कसे, असे विचारतात.

वारा पडण्याला भूगोलाचे कारण आहे. उत्तर आणि दक्षिण गोलार्धांतले व्यापारी वारे विषुववृत्ताजवळ एकमेकांना भेटतात, तापलेली हवा वर चढते आणि समुद्राच्या पृष्ठावर आडवा वारा उरत नाही. शिडाच्या जहाजांना या पट्ट्याची धास्ती असे. आठवडेच्या आठवडे जहाज जागचे हलत नसे आणि पिण्याच्या पाण्याची पिंपे रिकामी होत. ती प्रसिद्ध ओळ इथली. ती लागोपाठ दोनदा येते आणि पहिल्यांदा तिच्यामागे तहान येत नाही, जहाजाच्या फळ्या आकसल्याचे येते. खाली अथांग पाणी आणि वर उन्हात लाकूड सुकून आकसते आहे! प्यायला थेंब नाही हे त्यानंतरच्या ओळीत. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. एवढे क्षार बाहेर टाकायला मूत्रपिंडाला प्यायलेल्यापेक्षा जास्त पाणी खर्चावे लागते, म्हणून ते पाणी पिणारा अधिकच वाळत जातो. (मूळ शब्द 'नॉर एनी ड्रॉप टू ड्रिंक' असे आहेत, सर्रास छापले जाणारे 'नॉट अ ड्रॉप' कोलरिज यांचे नव्हे.)

याच जागी रात्री पाणी चेटकिणीच्या तेलासारखे हिरवे, निळे, पांढरे जळते. समुद्रातल्या सूक्ष्म जीवांचा हा उजेड कोकणच्या किनाऱ्यावरही काही रात्री दिसतो. पुढे येणाऱ्या सापांचेही तसेच. खरे समुद्री साप अटलांटिकमध्ये नसतात, पॅसिफिक आणि हिंदी महासागरांत असतात. मालवण-रत्नागिरीच्या जाळ्यांत ते सापडतात. आणि सूर्यास्त पाहा. सूर्याची कड बुडते, तारे धावत येतात, एका ढांगेत काळोख. कोकणातल्या वाचकाला ही ओळ समजावून सांगावी लागत नाही, कारण आपल्या अक्षांशांवर सूर्य जवळजवळ उभा बुडतो. इंग्लंडमध्ये तो तिरका उतरतो आणि संधिप्रकाश बराच वेळ रेंगाळतो. हे काव्य लिहिताना कोलरिज सॉमरसेटमध्ये राहत होते आणि त्यांनी जहाजाने एकही समुद्र ओलांडलेला नव्हता. हा काळोख त्यांनी पुस्तकांतून आणि ऐकीव माहितीतून उभा केला. ख्राइस्ट्स हॉस्पिटल या त्यांच्या शाळेत गणित शिकवणारे विल्यम वेल्स हे कॅप्टन कुक यांच्या दुसऱ्या सफरीत (1772–75) खगोलज्ञ म्हणून 'रिझोल्यूशन' जहाजावर होते. त्या जहाजाने 17 जानेवारी 1773 रोजी अंटार्क्टिक वृत्त ओलांडले. पाचूसारखे हिरवे, डोलकाठीइतके उंच बर्फ काव्यात कुठून आले असेल याचा हा एक धागा.

आता पक्ष्याकडे. नोव्हेंबर 1797 मध्ये कोलरिज, त्यांचे कवीमित्र विल्यम वर्ड्सवर्थ आणि विल्यम यांची बहीण डोरोथी क्वांटॉक टेकड्यांतून वॉचेट बंदराच्या बाजूला पायी निघाले. वाटखर्च निघावा म्हणून एखादे काव्य लिहून मासिकाला विकायचे, पाच पौंड मिळवायचे, असा बेत होता. कोलरिज यांच्या एका मित्राला सांगाड्यांच्या जहाजाचे स्वप्न पडले होते, तेवढे हाताशी होते. वर्ड्सवर्थ यांनी नुकतेच जॉर्ज शेल्व्हॉक यांचे 1726 चे सफरवर्णन वाचले होते. त्यात 1719 मध्ये केप हॉर्नजवळ सायमन हॅटली नावाच्या अधिकाऱ्याने एक काळा अल्बट्रॉस मारल्याचे आहे. खलाशाने असा पक्षी मारावा आणि त्या प्रदेशाच्या आत्म्यांनी सूड घ्यावा, ही सूचना वर्ड्सवर्थ यांची. मेलेल्यांनी जहाज हाकावे, हीही त्यांचीच.

शेल्व्हॉक यांच्या पुस्तकात हॅटलीला कारण आहे. कित्येक दिवस वादळ हटत नव्हते, काळा पक्षी जहाजावर घिरट्या घालत होता, तो अपशकुनी असावा असे त्याला वाटले आणि पक्षी गेला तर वारा सुधारेल या आशेने त्याने गोळी घातली. कोलरिज यांनी हे कारण उचलले नाही. त्यांचा पक्षी जहाजावर येतो, खलाशांच्या हातचे खातो, नऊ संध्याकाळी डोलकाठीवर बसतो. 1798 च्या पहिल्या छापील पाठात खलाशी त्याला बिस्किटांतले किडे भरवतात, इतका तो घरचा झालेला. आणि मग खलाशाचा चेहरा पाहून पाहुणाच घाबरून विचारतो की तू असा का दिसतोस? उत्तर दीड ओळीचे. माझ्या धनुष्याने मी अल्बट्रॉस मारला. भाग संपला. का मारला, हे पुढच्या सहा भागांत कुठेही नाही.

हॅटलीचे कारण कोलरिज यांनी फेकूनही दिलेले नाही. ते इतरांच्या तोंडी, घटना घडून गेल्यावर घातले आहे. पक्षी मेल्यावर आधी सगळे खलाशी याला शिव्या देतात, वारा आणणारा पक्षी मारलास म्हणून. मग धुके विरते, झळझळीत सूर्य येतो आणि तेच म्हणतात, धुके आणणारे असले पक्षी मारले ते बरेच केले. दोन्ही वेळा पक्ष्याची किंमत त्याच्या उपयोगावर ठरते. ज्यांनी बाण सोडला नाही ते असे अपराधात सामील होतात, आणि पुढे त्यांच्या मरणाला काव्यात जो काही आधार आहे तो एवढाच. मार्गदर्शिका या दोन कडव्यांवरून उडी मारतात. माझ्या मते संपूर्ण काव्यातली सर्वांत ओळखीची माणसे इथे भेटतात.

आपल्याकडच्या वाचकाला बाणाने मेलेला पक्षी म्हटल्यावर तमसेकाठचा क्रौंच आठवणारच. तो आठवू द्यावा, पण फरकही नीट पाहावा. रामायणात निषाद बाण मारतो आणि कथेतून निघून जातो. शोक होतो तो पाहणाऱ्या वाल्मीकींना, आणि त्या शोकाचा श्लोक होतो. मारणारा एक, गाणारा दुसरा. कोलरिज यांच्याकडे हे दोघे एकच आहेत. ज्याने मारले त्यालाच वाचा फुटते आणि ती थांबवता येत नाही. अश्वत्थाम्याची आठवणही अनेकांना होते, कपाळीची जखम घेऊन युगानुयुगे भटकणारा म्हणून. तिथे मात्र अपराध ठरलेला आहे, शाप देणारा ठरलेला आहे. खलाशाच्या बाबतीत दोन्ही बाजू सैल आहेत.

किती सैल, हे तिसऱ्या भागात कळते. समुद्रात ठिपका दिसतो. तहानेने कोणालाच बोलता येत नाही, म्हणून खलाशी स्वतःच्या दंडाला चावून रक्त चोखतो आणि तेव्हा कुठे त्याच्या तोंडून 'शीड!' निघते. जवळ येते ते वाऱ्याशिवाय चालणारे, फासळ्यांचे जहाज. त्यावर दोघे : मृत्यू, आणि मृत्यूतले जिणे असे नाव असलेली एक स्त्री. ते फासे टाकतात. ती जिंकते, तीनदा शीळ घालते. खलाशी तिच्या वाट्याला येतो, बाकीचे दोनशे मृत्यूच्या. एकेक जण वळून डोळ्यांनी याला शाप देतो आणि कोसळतो. प्रत्येक जीव जाताना त्याच धनुष्याच्या बाणासारखा सणसणत जवळून जातो. न्यायाधीश नाही, साक्ष नाही, फासे आहेत. 'देवाने शिक्षा केली' असे लिहिणाऱ्याने या फाशांचे काय करायचे ते आधी ठरवावे.

चौथा भाग सावकाश वाचावा, काव्याचे मर्म तिथे आहे. सात दिवस, सात रात्री खलाशी प्रेतांत एकटा आहे. मरण येत नाही. प्रार्थना करू पाहतो तर ओठांवर येण्याआधीच ती सुकून जाते. सुंदर माणसे मरून पडली आणि हजारो हजार बुळबुळीत प्राणी जगले, आणि मीही जगलो, असे तो म्हणतो. स्वतःची गणती तो त्या किळसवाण्या जिवांत करतो. मग चंद्र वर येतो. जहाजाच्या सावलीपलीकडे सापांचे पांढरे चमकते पट्टे हलतात, सावलीच्या आत त्यांचे रंग दिसतात, निळा, तकतकीत हिरवा, मखमली काळा. दुसऱ्या भागात जे प्राणी बुळबुळीत होते तेच हे. समुद्रही तोच. बदलला आहे पाहणारा, आणि तोही ठरवून बदललेला नाही. त्याच्या अंतःकरणातून प्रेमाचा झरा फुटतो आणि तो त्यांना आशीर्वाद देतो, 'नकळत'. हा शब्द कोलरिज एका कडव्यात दोनदा वापरतात. ज्याने विचार न करता मारले त्याने विचार न करताच आशीर्वाद दिला. त्याच क्षणी प्रार्थना येते आणि सोबत्यांनी त्याच्या गळ्यात अडकवलेला तो मेलेला पक्षी सुटून शिशासारखा समुद्रात बुडतो. याला पश्चात्ताप म्हणणे मला पटत नाही, कारण पश्चात्तापात आपण काय केले याचे भान असते. इथे तो पक्ष्याबद्दल एक शब्दही बोलत नाही.

चारपायरी मांडणी इथे थांबली असती तरी एक वेळ चालले असते. पण अजून तीन भाग उरतात. पाचव्या भागात पाऊस पडतो, प्रेते उठून दोर ओढतात. खलाशाच्या पुतण्याचे प्रेत गुडघ्याला गुडघा लावून त्याच्यासोबत एकच दोर ओढते आणि काही बोलत नाही. या भयंकर कडव्याची चर्चा फार कमी होते. ध्रुवाचा आत्मा नऊ वाव खोलीवरून जहाज ढकलतो. खलाशी मूर्च्छित पडतो आणि हवेत दोन आवाज ऐकतो. एक म्हणतो, याने प्रायश्चित्त घेतले आहे आणि अजून घेणार आहे. सहाव्या भागात प्रेतांचे डोळे पुन्हा त्याच्यावर रोखलेले असतात. मरतानाची ती वेदना, तो शाप तिथेच असतो, आणि मग केव्हातरी ती बाधा तुटते. सातव्यात सुकाणू धरणारा वाटाड्या, त्याचा पोरगा आणि एक तपस्वी होडीतून येतात. जहाज बुडते. खलाशी तोंड उघडतो तसा वाटाड्या झटका येऊन पडतो, पोरगा वेडा होऊन हसतो की सैतानाला वल्ही मारता येतात. तपस्व्याने पापमुक्त करावे म्हणून खलाशी विनवतो. तपस्वी विचारतो, तू कोण माणूस आहेस? त्याबरोबर पहिल्यांदा ती कळ उठते आणि कथा सांगूनच शमते. पुढे ती अवेळी, अनिश्चित तासाला परत येत राहते. चेहरा पाहिला की कोणाला सांगायचे ते त्याला कळते. सुटलेला माणूस असा जगत नाही.

जहाज पॅसिफिकमधून इंग्लंडला कोणत्या वाटेने परतले, असे विचारणाऱ्यांनाही उत्तर या मूर्च्छेत आहे. काव्य ती वाट सांगत नाही. माणसाला सोसणार नाही इतक्या वेगाने जहाज उत्तरेला नेले जाते आणि सांगणारा तेव्हा शुद्धीवर नसतो. त्याने पाहिले नाही ते तो सांगत नाही. अभ्यासक नकाशावर ठिपके जोडत बसतात, त्याची गरज नाही.

उरला तो बोध. शेवटून चार कडव्यांपैकी पहिल्या दोनांत तो आहे : जो माणूस, पक्षी, पशू यांवर नीट प्रेम करतो तो नीट प्रार्थना करतो. हे शब्द खलाशाचे आहेत, कवीने स्वतःच्या नावाने सांगितलेले नाहीत. त्याच्या थोडे आधी तो म्हणून गेला आहे की त्या अफाट समुद्रात हा जीव इतका एकटा होता की देवसुद्धा तिथे आहे असे वाटेना, आणि लग्नाच्या जेवणापेक्षा चार माणसांसोबत देवळात चालत जाणे त्याला गोड वाटते. हे एकटेपण वगळून बोध उचलला की तो भिंतीवरच्या सुविचारासारखा होतो. बोधानंतर अजून दोन कडवी आहेत. खलाशी निघून जातो. पाहुणा लग्नघराच्या दारातून मागे फिरतो, घाव बसल्यासारखा बधिर चालत जातो आणि दुसऱ्या सकाळी अधिक उदास, अधिक शहाणा होऊन उठतो. प्राण्यांवर प्रेम करा एवढे ऐकून कोणी लग्न सोडून बधिर होत नाही. त्याने त्याआधीचे सगळे ऐकले आहे.

कोलरिज यांचे स्वतःचे मतही नोंदलेले आहे. लेखिका अ‍ॅना बार्बोल्ड यांनी तक्रार केली होती की काव्य असंभाव्य आहे आणि त्यात बोध नाही. 1830 मध्ये कोलरिज यांनी संभाषणात सांगितले की असंभाव्यतेबद्दल वाद नाही, पण बोध कमी नाही, फार झाला आहे. आणि उदाहरण दिले अरबी कथांमधले. एक व्यापारी विहिरीकाठी खजूर खाऊन बिया टाकत बसतो आणि एक जिन्न उठून म्हणतो, तुझ्या बीने माझ्या मुलाचा डोळा गेला, आता मी तुला मारणार. कारण आणि परिणाम यांच्यात एवढेच नाते हवे होते, असे कवीला वाटत होते. पक्षी आणि दोनशे प्रेते यांचे माप जुळत नाही, आणि ते जुळू नये अशीच ही रचना आहे.

बोधाचा गोंधळ वाढवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे समासातल्या गद्य टिपा. काव्य 1798 मध्ये 'लिरिकल बॅलड्स' या संग्रहात, कवीचे नाव न देता, मुद्दाम जुनाट केलेल्या शब्दलेखनात आले. 1800 च्या आवृत्तीत शब्दलेखन बरेच सुधारले गेले, काव्य सुरुवातीवरून संग्रहाच्या मागे ढकलले गेले आणि वर्ड्सवर्थ यांनी त्याचे दोष सांगणारी टीप जोडली : नायक स्वतः काही करत नाही, त्याच्यावर सगळे घडत राहते; प्रसंगांत अपरिहार्य दुवा नाही. दोष म्हणून नोंदलेल्या या गोष्टी आज काव्याची ओळख वाटतात. समासातल्या टिपा 1817 मध्ये 'सिबिलीन लीव्ह्ज' या संग्रहात आल्या. त्या कोलरिज यांच्याच, पण एखाद्या जुन्या विद्वान संपादकाने लिहाव्यात तशा लिहिलेल्या आहेत, आणि हा संपादक खलाशापेक्षा फार खात्रीने बोलतो. पक्षी 'शुभशकुनी' होता, खलाशाने आतिथ्यधर्म मोडला, हे तो सांगतो. पहिल्या भागातल्या ओळी तसे म्हणत नाहीत. म्हणून टीप म्हणजे उत्तर असे धरू नये. तो काव्यातला आणखी एक आवाज आहे. चौथ्या भागातली चंद्र-ताऱ्यांवरची टीप मात्र काव्याच्या तोडीची आहे. एकट्या खलाशाला चालत्या चंद्राची आणि ताऱ्यांची ओढ लागते, कारण सगळे निळे आकाश त्यांचे घर आहे, तिथे ते न कळवता येतात, वाट पाहिल्या गेलेल्या धन्यांसारखे, आणि त्यांच्या येण्याने मूक आनंद होतो. दुसऱ्या कोणत्याही ओळीपेक्षा हे वाक्य खलाशाने काय गमावले ते सांगते.

परीक्षेत हमखास येणारी दुसरी सोय म्हणजे 'सूर्य म्हणजे शिक्षा, चंद्र म्हणजे कृपा'. अमेरिकी कवी-समीक्षक रॉबर्ट पेन वॉरन यांच्या 1946 च्या निबंधापासून ही मांडणी रूढ झाली. निबंध मोलाचा आहे, पण सूत्र सगळीकडे चालत नाही. दोनशे खलाशी चंद्राच्याच उजेडात मरतात, आणि प्रेतांतून निघालेले गोड स्वर पहाटे सूर्याकडे झेपावतात. चंद्र-सूर्य कुठे आले याची यादी करावी, सूत्र नंतर तपासावे. गुलामांच्या व्यापाराशी या जहाजाचे नाते जोडणारे वाचनही आहे. कोलरिज यांनी 1795 मध्ये ब्रिस्टलमध्ये त्या व्यापाराविरुद्ध व्याख्यान दिले होते, त्यामुळे ते निराधार नाही. काव्यात मात्र त्याचा थेट उल्लेख नाही, हे सांगूनच ते शिकवावे.

भारताशी या काव्याचा धागा आहे, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. कोलरिज यांचे दोन भाऊ कंपनीच्या फौजेत असताना भारतातच वारले. ऑक्टोबर 1797 मध्ये, म्हणजे क्वांटॉकच्या त्या वाटचालीच्या महिनाभर आधी, त्यांनी आपले मित्र जॉन थेलवॉल यांना पत्रात लिहिले की भारतीयांच्या विष्णूसारखे कमळात पहुडून अनंत सागरावर तरंगावे, दशलक्ष वर्षांतून काही क्षण जागे व्हावे, ते पुन्हा तितकीच वर्षे झोपायचे आहे हे कळण्यापुरते. क्षीरसागरातल्या त्या झोपेची ओढ मनात असतानाच त्यांनी ज्याला झोपही लागत नाही असा माणूस सागरावर सोडला. पाचव्या भागाच्या सुरुवातीला झोपेची जी स्तुती येते ती या पत्राशेजारी ठेवून वाचावी.

शेवटी वाचण्याची रीत. कडवे बहुधा चार ओळींचे आहे, पहिल्या-तिसऱ्या ओळीत चार आघात, दुसऱ्या-चौथीत तीन, यमक दुसऱ्या आणि चौथीला. ही इंग्रजी लोकगाण्यांची चाल. ती कानाला लागली की कवी कुठे मोडतो ते ऐकू येते : भुताचे जहाज निघून गेल्यावर कडवे नऊ ओळींपर्यंत ताणले जाते, भीती संपतच नाही म्हणून. वारा असताना ओळीतल्या ओळीत यमक आणि 'फ'चे अनुप्रास धावतात. वारा पडला की 'डे आफ्टर डे, डे आफ्टर डे' असे शब्दच जागी थांबतात. कोलरिज नादाला किती जपत याचा एक पुरावा सांगतो. जहाजामागची पाण्याची रेघ 'फॉलोड फ्री', मोकळी मागे येत होती, असे त्यांनी आधी लिहिले. पुढे स्वतः समुद्रप्रवास केल्यावर दिसले की ती रेघ किनाऱ्यावरच्याला मागे येताना दिसते, जहाजावरच्याला दूर वाहत जाताना. 1817 मध्ये त्यांनी ओळ त्याप्रमाणे बदलली, तशी तळटीपही दिली. नंतर नाद बिघडतो म्हणून पुन्हा पहिलाच शब्द ठेवला.

पहिले वाचन मोठ्याने, टिपा झाकून, एका बैठकीत करावे. साधारण अर्धा तास लागतो. वर्गात सातही भाग सात जणांना द्यावेत आणि पाहुण्याचे बोलणे वेगळ्या विद्यार्थ्याला. पाहुणा कुठे मध्ये बोलतो ते त्यामुळे ठळक होते. पहिल्या भागाच्या शेवटी तो खलाशाच्या चेहऱ्याला भितो. चौथ्याच्या आरंभी आणि पाचव्यात तो समोरचा माणूस जिवंत आहे का, या शंकेने भितो. दुसरे वाचन नकाशा घेऊन, प्रत्येक सूर्य आणि चंद्र पेन्सिलीने टिपत. टिपा तिसऱ्यांदा. चौथ्या भागाला पोचण्याआधी समीक्षा उघडू नये.

प्रत घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. काव्य 1834 च्या पाठाप्रमाणे 625 ओळींचे असावे आणि टिपा समासातच, आपापल्या कडव्यांशेजारी छापलेल्या असाव्यात. स्वस्त प्रतींत त्या गाळतात, नाहीतर पानाच्या तळाशी ढकलतात आणि मग दोन आवाज एकमेकांसमोर येतच नाहीत. जमल्यास 1798 चा पाठही सोबत असावा. त्यात तिसऱ्या भागातले मृत्यूचे काळ्या, तडकलेल्या हाडांचे वर्णन आहे, जे कोलरिज यांनी नंतर काढून टाकले, आणि फासे टाकणाऱ्या त्या स्त्रीला तिथे अजून नाव मिळालेले नाही. ही दोन पाने शेजारी ठेवून एक तास शिकवले तर मार्गदर्शिकेतला चार पायऱ्यांचा तक्ता फळ्यावर लिहिण्याची वेळ येत नाही.

कळावे,
आपला,
इंग्रजी साहित्याचा एक अध्यापक, कोल्हापूर